रतनगड–कात्राबाई–कुमशेत: सहा जण, तीन दिवस, पाठीवर सॅक. सामान आणि पाणी कसं बसवायचं?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. आम्ही सहा मित्रमैत्रिणी, सगळे नाशिकचे, वय २६ ते ३४. अंजनेरी, हरिहर, कळसूबाई असे एका दिवसाचे ट्रेक सगळ्यांचे झालेत. पण मुक्कामाचं सामान पाठीवर घेऊन अजून कुणीच चाललेलं नाही. आधी एखाद्या राष्ट्रीय उद्यानात दोन-तीन दिवस पायी भटकायचं मनात होतं. ताडोबा, पेंचला जिप्सीतून खाली पाय ठेवता येत नाही हे कळल्यावर तो नाद सोडला आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यावर शिक्कामोर्तब केलं.

बेत असा: डिसेंबरचा दुसरा आठवडा. शुक्रवारी रतनवाडी ते रतनगड, मुक्काम गडावर. शनिवारी कात्राबाई खिंडीतून कुमशेत, मुक्काम तिथे. रविवारी पाचनई, हरिश्चंद्रगड करून खाली, आणि रात्री नाशिक.

सामान: तीन डबल तंबू, सहा स्लीपिंग बॅगा, पाच लिटरचा कुकर, दोन गॅस स्टोव्ह, तीन दिवसांचा शिधा. सगळं भरून काट्यावर ठेवलं तर एकेक सॅक १६-१७ किलोला जातेय, पाणी धरून. हे जास्त आहे एवढं कळतं, पण काढायचं काय ते कळत नाही. शिवाय (१) वाटेत पाणी कुठे कुठे मिळतं, (२) गॅस किती लागेल, (३) वाटाड्या हवाच का, (४) थंडीचं काय? जाणकारांनी सांगावं. जुने धागे चाळलेत, पण ते बहुतेक पावसाळ्यातले आहेत.

घाटवाट

सामानाचं नंतर. आधी दिवसांचा हिशेब बघा, कारण तुमचा रविवार बसत नाहीये.

डिसेंबरात सूर्य सातला उगवतो, सहाला मावळतो. हातात उजेडाचे अकरा तास. त्यातला शेवटचा तास झाडीत असाल तर धरायचाच नाही.

शुक्रवार ठीक आहे. नाशिकहून पहाटे पाचला निघून घोटी, बारी, शेंडी, मुतखेल करत रतनवाडीला पोचायला तीन-साडेतीन तास. अमृतेश्वराचं मंदिर बघा, गावात पोटभर नाश्ता करा, नऊच्या सुमारास वाट धरा. वाट सुरुवातीला प्रवरेच्या पात्राच्या कडेकडेने जाते, ओढा दोन-चारदा ओलांडते आणि मग दाट झाडीत चढायला लागते. वर गेल्यावर एक फाटा लागतो. उजवीकडची वाट शिड्यांकडे आणि गडावर, सरळ जाणारी कात्राबाईकडे. हा फाटा जाताना नीट ओळखून ठेवा, शनिवारी सकाळी इथूनच पुढे सुटायचंय. रिकाम्या पाठीने गड अडीच-तीन तासांचा, सॅक घेऊन चार धरा. दुपारी सॅका गुहेत टाकून नेढं (कड्यातलं आरपार भोक), राणीचा हुडा (बुरूज), त्र्यंबक दरवाजा निवांत होतो. मात्र गुहेपाशी एक माणूस बसलेला हवा. माकडं चेन उघडतात, आणि नाही उघडली तर सॅकच फाडतात.

शिड्यांबद्दल एक गोष्ट. मॅट सॅकच्या खाली किंवा बाजूला आडवी बांधू नका. शिडीच्या कठड्यात आडवी मॅट अडकते, माणूस मागे ओढला जातो. ती उभी बांधा, नाहीतर गुंडाळून सॅकच्या आत घाला. शिडीवर एका वेळी एकच जण. वरचा शिडी संपवून बाजूला झाला की खालच्याने पाय ठेवायचा. छातीचा पट्टा तेवढ्यापुरता सोडलात तर वाकून वर बघता येतं.

शनिवार लांबचा आहे. गडावरून साडेसातला निघा. फाट्यापर्यंत तासभर, तिथून खिंडीपर्यंत सॅकसकट तीन ते चार तास, खिंडीतून कुमशेतला दोन. थांबे धरून चार वाजतात. खिंडीखालचा टप्पा घसाऱ्याचा आहे, छोटे दगड पायाखालून निसटतात. तिथे एकामागोमाग एक रांग लावू नका. दोघांत अंतर ठेवा, आणि वरच्याने दगड सुटला की ओरडून सांगायचं.

वाटाड्या घ्याच. रतनगडाचा फाटा ते खिंड हा पट्टा दाट झाडीचा, आणि डिसेंबरात गुरांच्या वाटांनी पार गोंधळ होतो. ओळखायची खूण म्हणाल तर, गुरांची वाट उंची न घेता डोंगराला आडवी जात राहते आणि शेवटी एखाद्या चाऱ्याच्या मोकळवनात विरते. खरी वाट थोड्या थोड्या अंतराने उंची घेत राहते. पंधरा-वीस मिनिटं सपाटीवर चालत असाल आणि वाट बारीक होत असेल तर पुढे रेटू नका, शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत मागे या. मोबाईलमध्ये नकाशा नाशिकमध्येच उतरवून ठेवा, तिकडे रेंजचा भरवसा नाही. खिंड ही प्रवरा आणि मुळा या दोन खोऱ्यांमधली पाणलोटरेषा आहे. ती ओलांडली की सगळे ओढे मुळेकडे वाहतात. उतरताना ओढ्याचं पाणी पाठीमागे वाहत असेल तर दिशा चुकलीय.

आता रविवार. कुमशेतहून पेठेच्या वाडीमार्गे पाचनई साडेचार-पाच तास. पाचनईहून हरिश्चंद्रगडाच्या मंदिरापर्यंत दोन तास, उतरायला दीड, वर मंदिर, केदारेश्वर आणि कोकणकडा बघायला किमान दोन. झाले साडेदहा. त्यानंतर नाशिकपर्यंत गाडीने चार तास. कागदावर बसतं, पायात बसत नाही. दोनच पर्याय आहेत. एक, सोमवारची रजा टाका आणि रविवारी गडावर राहा. दोन, शनिवारी संध्याकाळीच कुमशेतमध्ये जीप ठरवा, रविवारी सकाळी पाचनईला गाडीने जा आणि सॅका गाडीत ठेवून गड रिकाम्या पाठीने करा. तिसरा पर्याय लोक करतात तो म्हणजे अंधारात कोकणकड्याहून परत. तो करू नका.

आणि स्वतःची गाडी नेऊ नका. सुरुवात रतनवाडीला, शेवट पाचनईला, गाडी परत आणायला कोण जाणार? सहा जणांना सामानासकट एक मोठी जीप ठरवून जायचं. येताना पाचनई ते राजूर जीप, राजूरहून एसटी. शेवटच्या एसटीची वेळ जायच्या आधी डेपोत फोन करून विचारा, रविवारी फेऱ्या कमी असतात.

तोलकाटा

वजनाकडे येतो. मुक्काम रतनगडच्या गुहेत आणि कुमशेतमध्ये एखाद्या घरी असतील तर तीन तंबू कशासाठी? डबल तंबू अडीच-अडीच किलोचा धरला तरी साडेसात किलो तुम्ही तीन दिवस फिरवून आणणार, न उघडता.

सहा जण म्हणजे सहा संसार नव्हेत. स्वयंपाक एक, औषधं एक, टूथपेस्टसुद्धा एक. सामायिक सामान वेगळं काढा, तोला आणि मग वाटा.

सामायिक: स्टोव्ह एक (दोन नकोत) ४०० ग्रॅम. २३० ग्रॅमवाल्या गॅसच्या दोन डब्या, डबीच्या पत्र्यासकट मिळून ८०० ग्रॅम. झाकणाचं पातळ ॲल्युमिनियमचं पाच लिटरचं पातेलं, डाव आणि सांडशी मिळून १.२ किलो. शिधा ४ किलो, त्याचं पाकवाले कुणीतरी सांगतीलच. औषधं ६०० ग्रॅम. तंबूऐवजी १२ बाय १५ फुटांचं सिल्पोलिन, म्हणजे हलकी प्लास्टिकची ताडपत्री. आपल्याकडे द्राक्षबागायतदार वापरतात तेच, ९० जीएसएमचं (चौरस मीटरला ९० ग्रॅम). दीड किलो भरतं. वर २०० ग्रॅम दोरी. बेरीज ८.७ किलो, माणशी दीडच्या आत.

वैयक्तिक: ५०-५५ लिटरची सॅक १.८, स्लीपिंग बॅग १.३, फोमची मॅट ०.४, अंगावरचे सोडून कपडे १.५, ताट-मग-चमचा ०.३, टॉर्च आणि पॉवर बँक ०.५, वाऱ्याचं जर्किन ०.४, तोंडात टाकायचा खाऊ ०.३. झाले साडेसहा किलो. पाणी तीन लिटर म्हणजे तीन किलो. एकूण ११ किलो. ६० किलोच्या माणसाला वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत, म्हणजे १२ किलो, झेपतं. कुणी ५० किलोची असेल तर तिचं सामायिक सामान ७०-८० किलोवाल्यांच्या सॅकमध्ये जाऊ द्या. सारखी वाटणी म्हणजे न्यायाची वाटणी नव्हे. गटाचा वेग सगळ्यात मागच्याच्या वेगाइतकाच असतो.

कपडे दीड किलोत बसत नाहीत असं म्हणणारा एक तरी निघेलच. चालायचा जोड एक, झोपायचा कोरडा जोड एक, मोजे तीन जोड, लोकरी टोपी, एक स्वेटर किंवा फ्लीस. बस. जीन्स नको. भिजली की दिवसभर वाळत नाही आणि ओल्या जीन्सने मांड्या सोलवटतात.

भरायची पद्धत: स्लीपिंग बॅग तळाला. जड वस्तू (शिधा, पाणी, पातेलं) पाठीला चिकटून, खांद्याच्या फळ्यांच्या मधोमध. हलकं बाहेरच्या बाजूला. जड सामान पाठीपासून लांब गेलं की सॅक मागे ओढते, तुम्ही कमरेत वाकता आणि दुसऱ्या दिवशी मान धरते. सॅक चढवल्यावर आधी कमरेचा पट्टा. तो पोटावर नाही, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसला पाहिजे. मग खांद्याचे पट्टे, मग खांद्याच्या वरचे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. उलट्या क्रमाने आवळलंत तर सगळं वजन खांद्यावर येतं, आणि सॅक खराब आहे असा उगाच बोभाटा होतो.

जाण्याआधी दोन रविवार अशीच ११ किलोची सॅक घेऊन रामशेज किंवा पांडवलेणी चढून उतरा. पट्टा कुठे घासतो, बूट कुठे चावतो ते घराजवळच कळतं. नवे कोरे बूट या ट्रेकला घालायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

पत्रावळ

कुकर काढा. सगळ्यात आधी कुकर काढा. दोन किलोचं लोखंड एका खिचडीसाठी.

तुमच्या बेतात रात्रीचा स्वयंपाक एकदाच आहे, शुक्रवारी गडावर. शनिवारी रात्री कुमशेतमध्ये जेवण सांगता येतं. वाटाड्याकडूनच आदल्या दिवशी निरोप धाडा. सहा माणसं अचानक दारात उभी राहिली तर त्या घराची धावपळ होते. दर आधी बोलून घ्या आणि कमी करा म्हणू नका.

गडाची उंची साधारण १३०० मीटर. तिथे पाणी ९५-९६ अंशांना उकळतं, म्हणून डाळीला खालच्यापेक्षा वेळ जास्त लागतो. तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, गॅस संपतो. मूग किंवा मसूर न्या. सहा जणांना ४५० ग्रॅम तांदूळ आणि २५० ग्रॅम मूगडाळ. दोन्ही घरीच कोरडे भाजून, गार करून, हळद, मीठ, गोडा मसाला आणि जिरं मिसळून एका जाड पिशवीत भरा. गडावर पोचल्यावर स्टोव्ह पेटवायच्या आधी अर्धा-पाऊण तास भिजत घाला. भाजलेलं आणि भिजलेलं धान्य निम्म्या वेळात शिजतं. पाणी अडीच लिटर, झाकण ठेवून, उकळी आली की आच अगदी बारीक. पळीने सारखं ढवळत बसू नका. झाकण काढलं की वाफ गेली, वाफ गेली की गॅस गेला. आच बंद केल्यावर पातेलं स्लीपिंग बॅगेत नव्हे, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, राहिलेली कणी त्यात मुरते. वर घरचं तूप.

सकाळी पोहे. माणशी ७० ग्रॅम जाडे पोहे, शेंगदाणे, आणि फोडणी घरूनच तेलात करून छोट्या बाटलीत. चहाला दूध पावडर ४०० ग्रॅम, साखर अर्धा किलो, चहापत्ती ६० ग्रॅम. दुपारचं जेवण पेटवायचंच नाही. दशम्या करून न्या, दुधात मळलेल्या असल्या की दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. बाजरीची भाकरी संध्याकाळपर्यंत कडक होते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि तेलावर परतलेला ठेचा. ओलं काही नको. शनिवारी दुपारी खिंडीच्या अलीकडे सातूचं पीठ, गूळ आणि पाणी कालवून खा. भांडं घासायला पाणी लागत नाही, आणि पोट जड न होता तीन तास निघतात.

गॅसचा हिशेब: वारा नसेल तर एक लिटर पाणी उकळायला साधारण १२-१५ ग्रॅम गॅस. तुमचं सगळं उकळणं (चहा दोनदा, खिचडी, पोह्यांपुरती आच) सात-आठ लिटरच्या आसपास, म्हणजे १००-१२० ग्रॅम. वर खिचडीची बारीक आच अर्धा तास, ३०-४० ग्रॅम. एक २३० ग्रॅमची डबी पुरते. दुसरी राखीव, कारण वारा असला की हाच आकडा दीडपट-दुप्पट होतो. वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा तीन बाजूंनीच लावा, आणि जिथे बर्नर डबीवरच बसतो तिथे तो डबीला गुंडाळू नका. डबी तापते, आतला दाब वाढतो, फुटते. हात लावून बघा. डबी कोमट लागली की आडोसा काढायचा.

डबी घेताना स्टोव्ह बरोबर घेऊन जा. आट्यांची बसकी डबी आणि हॉटेलात टेबलावर असते ती लांबट डबी, दोघींची तोंडं वेगळी. अडॅप्टरशिवाय एकीची दुसरीला लागत नाही.

गंगापूररोडकर

बापरे, एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. कुकर, दुसरा स्टोव्ह आणि जीन्स बाद. रविवारी जीपने पाचनई, सॅका गाडीत, हे ठरलं.

दोन शंका. तंबू अजिबातच न नेणं जरा धाडसाचं वाटतंय. गुहेत आधीच दुसरा ग्रुप असला तर? आणि पाण्याचं कुणी बोललं नाही.

घाटवाट

पाणी: रतनवाडीतून तीन लिटर भरून निघा. गडावर टाकी आहेत. ज्या टाक्यात शेवाळ किंवा पालापाचोळा आहे ते सोडून पिण्याचं कुठलं ते वाटाड्याला विचारा. शनिवारी गडावरूनच पुन्हा तीन-तीन लिटर भरा. फाटा ते खिंड या पट्ट्यात डिसेंबरात काही ओढ्यांना पाणी असतं, काहींना नसतं, आणि खिंडीत तर नाहीच. त्यामुळे ओढ्यांवर भिस्त ठेवायची नाही, लागलं तर वरचेवर भरून घ्यायचं. पुढे कुमशेत गावात पाणी. फेब्रुवारीनंतर हाच बेत केलात तर चार लिटर.

शुद्ध कसं करायचं: आधी फडक्याच्या चार घड्यांतून गाळा. मग क्लोरिनची गोळी, पाकिटावर लिहिलंय त्या प्रमाणात, अर्धा तास थांबून. गढूळ पाण्यात गोळी थेट टाकली तर क्लोरिन त्या गाळातच खर्ची पडतं, जंतू राहतात. उकळत असाल तर खळखळून एक मिनिट पुरे. हरिश्चंद्रगडावरची सप्ततीर्थ पुष्करणी पिण्यासाठी नाही, आणि तिच्यात पाय बुडवून सेल्फीसाठीही नाही.

पाणी पिण्याची वेळ तहानेवर सोडू नका. थंडीत तहान लागत नाही, घाम मात्र जातोच. दर अर्ध्या तासाला चार घोट. संध्याकाळी लघवी गडद पिवळी असेल तर कमी पडतंय.

तंबूबद्दल माझं मत तोलकाट्यांसारखंच. तुम्ही गडावर शुक्रवारी रात्री आहात, गर्दी शनिवारची असते.

रानमोगरी

मी थोडा वेगळा सूर लावते. गर्दी शनिवारची हे खरं, पण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सहली सुरू होतात, आणि गुहा काही आरक्षित नसते. ग्रुपमध्ये मुली आहेत, कपडे बदलायला आडोसा लागतो. तीन माणसांचा एक तंबू न्या, तीन किलोचा. आतला भाग, बाहेरचं कापड आणि दांड्या अशी तिघांत फोड करा. सिल्पोलिन तर न्याच. माणशी अर्धा किलो वाढेल, पण सहाही जण कुठेही झोपू शकतील. कातळावर खुंट्या ठोकल्या जात नाहीत. दोरीचं टोक लहान दगडाला बांधायचं, त्याच्या पुढे मोठा दगड टेकवायचा. मोठ्या दगडालाच दोरी गुंडाळली तर धारेवर घासून रात्रीत तुटते. कड्याच्या टोकाशी तंबू लावायचा मोह टाळा. दरीतला वारा कडा चढून वर येतो, खालून कापड उचलतो.

थंडी: निफाडचा पारा घसरल्याची बातमी ज्या आठवड्यात येते, तसा आठवडा सापडला तर रात्री एक आकडी तापमान धरून चला. एक गोष्ट उलटी वाटेल, पण निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री जड गार हवा खाली दरीत उतरून साचते. म्हणून नदीकाठचं कुमशेत गडावरच्या गुहेपेक्षा गार लागू शकतं. शनिवारी गाव आहे म्हणून गरम कपडे सॅकच्या तळाशी टाकू नका. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. दोन स्लीपिंग बॅगांपेक्षा एक बॅग आणि खाली जाड फोमची मॅट बरी. घामेजल्या कपड्यात झोपायचं नाही. तंबूचे झरोके उघडे ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून कापडावर जमते आणि पहाटे अंगावर ठिबकते. आणि तंबूत स्टोव्ह कधीही नाही. थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता नियम, कारण हे अभयारण्य आहे, नुसता डोंगर नव्हे. महाराष्ट्रातल्या सहाही राष्ट्रीय उद्यानांत तुम्हाला हवं तसं पाठीवर बिऱ्हाड घेऊन मनमोकळं हिंडता येत नाही. इथे येतं ते अभयारण्याच्या आत गावं आणि त्यांच्या वहिवाटीच्या वाटा आहेत म्हणून. ३६१ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. ते नाशिकच्या वन्यजीव विभागाखाली येतं. रतनवाडी भंडारदरा परिक्षेत्रात, पाचनई राजूर परिक्षेत्रात. गडावर मुक्काम करायचा तर निघायच्या आठवड्यात भंडारदऱ्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. हे नियम मोसमागणिक बदलतात, आणि गेल्या वर्षीच्या व्हिडिओवर विसंबून नाक्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नाक्यावर शुल्क भरलं की पावती जपून ठेवा.

शेकोटी नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या ३०व्या कलमाने अभयारण्यात आग लावणं, किंवा जंगलाला धोका होईल अशी जळती सोडणं हा गुन्हा आहे. कलम बाजूला ठेवलं तरी डिसेंबरात पठारावर गुडघाभर गवत वाळून उभं असतं, एक ठिणगी पुरते. गॅस स्टोव्हसुद्धा उघड्या कातळावर, भोवतीचं गवत हातभर साफ करून, आणि शेजारी पाण्याची बाटली उघडी ठेवून. गुहेत चूल मांडू नका. काजळीने दगड काळा होतो, तो कुणीही पुसत नाही.

धुराचा दुसरा धोका आग्या मोहोळाचा. कड्यांना मोहोळं लटकलेली असतात. धूर, अत्तर, डिओ, मोठा आवाज, ड्रोन, सगळं त्यांना उठवतं. माश्या उठल्या तर हात झटकत उभं राहायचं नाही. चेहरा झाकून झाडीत शिरायचं आणि लांब पळायचं. कड्याच्या बाजूला मात्र नाही.

साप: संध्याकाळनंतर टॉर्चशिवाय पाऊल नाही. सकाळी बूट झटकून घाला. दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका. दंश झालाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी, घड्याळ काढा, तो अवयव काठीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. झोळी करून गावापर्यंत न्या आणि १०८ ला फोन. सिल्पोलिन आणि दोन बांबू असले की झोळी होते, हा त्याचा आणखी एक उपयोग.

औषधांच्या ६०० ग्रॅममध्ये: चिकटपट्टी भरपूर (टाच नुसती गरम वाटू लागली की लगेच लावायची, फोड आल्यावर उपयोग कमी), क्रेप बँडेज दोन, पॅरासिटामॉल, ज्याची त्याची नेहमीची औषधं, जंतुनाशक, चिमटा, आणि ओआरएसची सहा पाकिटं. पाकीट पूर्ण एका लिटरमध्ये घालायचं. अंदाजाने अर्धं ग्लासात घातलं तर क्षार जास्त होतात आणि फायद्याऐवजी तोटा.

शौचाला पाण्यापासून किमान साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा, वर माती. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, जनावरं उकरतात. वेगळ्या काळ्या पिशवीत परत नाशिकला.

तोलकाटा

तंबूचं मान्य. अर्धा किलोने साडेअकरा होतात, बाराच्या आतच आहे. पण मग तो तिघांत फोडताना दांड्या ज्याच्याकडे, खिचडीही त्याच्याकडेच, असं करू नका. शुक्रवारी रात्री खिचडी संपली की त्याची सॅक हलकी आणि बाकीच्यांची तशीच. शनिवारी सकाळी, खिंडीच्या आधी, सामायिक सामानाची फेरवाटणी करायची. बहुतेक ग्रुप हे विसरतात.

सॅकच्या रेनकव्हरवर भरवसा ठेवू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. डिसेंबरात पाऊस नसला तरी पहाटेचं दव आणि ओढ्यात घसरणं आहेच. मेन रोडला प्लास्टिकच्या दुकानात जाड, मोठी पारदर्शक पिशवी मिळते. ती सॅकच्या आत अस्तरासारखी लावून तोंड पिळून दुमडायचं. स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे कोरडे राहिले तर बाकी काहीही भिजलेलं चालतं.

पत्रावळ

एक राहिलं. गॅसची रिकामी डबी गडावर टाकू नका आणि भोक पाडून मोकळीही करू नका. बर्नर काढून परत आणा. अर्धवट राहिलेली डबी मोबाईलजवळच्या खणात न ठेवता कपड्यांत गुंडाळून, आणि रविवारी पाचनईला सॅका गाडीत ठेवताना ती बाहेर काढून सावलीत. बंद जीप उन्हात उभी राहिली की आत किती तापतं ते नाशिककरांना सांगायला नको.

गंगापूररोडकर

तंबू एक, सिल्पोलिन एक, डबी सावलीत. भंडारदऱ्याच्या कार्यालयात सोमवारी फोन करतो. पहिली चाचणी येत्या रविवारी, रामशेज, ११ किलो.

वाटाड्याला रतनगडाच्या पायथ्यापासून घ्यायचा की फाट्यापासून?

घाटवाट

गावापासूनच, आणि थेट कुमशेतपर्यंत. म्हणजे दोन दिवसांचा. त्याचं जेवण आणि गडावरची झोपायची सोय तुमच्याकडे, तेव्हा खिचडी सातजणांची धरा: तांदूळ सव्वापाचशे ग्रॅम, डाळ तीनशे, पाणी तीन लिटर. पाच लिटरच्या पातेल्यात बसते. कुमशेतहून त्याला रतनवाडीला परत जायचंय, तो रविवारी सकाळी खिंडीतूनच उलटा जाईल. त्याच्या त्या अर्ध्या दिवसाचे पैसे ठरवतानाच धरा.